भाड्याचा बोरू

‘फोटोशॉप परवडत नाही, म्हणून मुलांना क्रॅक केलेलं शिकवतो’ असं आमच्या भागातले कॉम्प्युटर क्लासवाले बिनदिक्कत सांगतात आणि पालक मान डोलावतात. माझं भांडण या मान डोलावण्याशी आहे.

मे २०१३ मध्ये अडोबीने जाहीर केलं की फोटोशॉप, इनडिझाइनच्या नव्या आवृत्त्या यापुढे फक्त वर्गणीवर मिळतील. हप्ता थांबला की काम थांबलं. फाईल तुमची, पण तिच्यात बदल करायचा तर आधी भाडं भरा. उर्दू अखबारांचे जुने कातिब गरीब असतील, पण बोरू त्यांचा स्वतःचा होता.

यावर आपला तोडगा काय, तर चोरी. हलाल-हरामवर तासभर बोलणारेही इथे डोळेझाक करतात. बरं, त्यात फायदा तरी कुणाचा? क्रॅकवर हात बसलेली मुलं उद्या नोकरीत तेच सॉफ्टवेअर मागतात, म्हणजे कंपनीला गिऱ्हाईक आयतं. आणि कोर्स संपवून घरी आलेल्या मुलीच्या हाती प्रमाणपत्र असतं, हत्यार नसतं.

हत्यारं आहेत. फोटोसाठी गिंप, चित्रासाठी क्रिता, लोगो-पोस्टरसाठी इंकस्केप, मासिकाच्या पानांसाठी स्क्रायबस. कायदेशीर, फुकट, कायमची. ‘फुकटात दम नसतो’ म्हणणाऱ्यांनी ब्लेंडर पाहावं. २००२ साली लोकांनी एक लाख युरो जमवून त्याचा सोर्स कोड खुला करून घेतला. त्याच ब्लेंडरमध्ये बनलेल्या ‘फ्लो’ या लाटवियाच्या चित्रपटाने २०२५ मध्ये ऑस्कर नेलं.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून मला आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. स्क्रायबसला कित्येक वर्षं उजवीकडून डावीकडे लिहिणं जमत नव्हतं. ओमानमधल्या एका गटाने कोडमध्ये हात घातला आणि २०१७ च्या आवृत्तीत अरबी लिपीची सोय झाली. त्याच कामातून देवनागरीची जोडाक्षरंही मार्गी लागली. बंद सॉफ्टवेअरमध्ये असा हात कोण घालू देतो? तिथे आपली लिपी कंपनीच्या मर्जीवर. फॉन्टही खुले आहेत: उर्दूला नोटो नस्तालीक, मराठीला मुंबईच्या ‘एक टाइप’चा मुक्ता.

अडचणी नाहीत असं नाही. गिंपचं काम अजून मुख्यतः आरजीबीत चालतं, त्यामुळे छापखान्यासाठीची चार रंगांची पीडीएफ स्क्रायबसमधून काढावी लागते. नस्तालीकही माझ्या डोळ्याला इनपेजइतकी घट्ट बसत नाही. पण शाळेचं वार्षिक, लग्नपत्रिका, दुकानाचा बोर्ड यांसाठी हे पुरून उरतं.

पालकांनो, या सुट्टीत फी भरण्याआधी क्लासवाल्याला एकच विचारा: कोर्स संपल्यावर हे सॉफ्टवेअर माझ्या मुलीच्या कॉम्प्युटरवर कायदेशीर राहील का? ‘पेन ड्राइव्हवर देतो ना’ असं उत्तर आलं, तर पैसे खिशातच ठेवा.