नाव राखायचे कोणी?



इंग्लंडात स्टिल्टन नावाचे निळ्या बुरशीच्या रेषांचे चीज आहे. त्या नावाने ते डर्बीशायर, लेस्टरशायर व नॉटिंगहॅमशायर या तीनच परगण्यांत बनवता येते. गंमत म्हणजे खुद्द स्टिल्टन गाव या तिन्हींच्या बाहेर आहे. तिथे ते बनवता येत नाही! नाव गावाचे, पण राखले बनवणाऱ्यांनी.

आपल्या कलबुर्गीच्या तुरीलाही २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकन कागदावर असते, तूर शेतात पिकते. आपल्यापैकी किती शेतकरी पालक ते नाव लावून डाळ विकतात? आणि पोत्यात भेसळ झाली, तर नाव कोणाचे बुडेल?

विश्वस्तांना आमची विनंती आहे की, यंदाच्या स्नेहसंमेलनातल्या वरणाची डाळ पालकांच्याच शेतातली घ्यावी, तीही रोख बाजारभावाने. पोत्यांवर गावांची नावे मुलांनी लिहावीत.

मराठीचेही असेच आहे. शाळेच्या पाटीवर ती आहेच. घरात बोलली तरच टिकेल. आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून शिकलो, म्हणून हे आम्हाला उशिरा कळले. तुम्हाला उशीर होऊ नये.