राहिला तरी दंड, गेला तरी दंड

चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र, तेथील कोळसा खाणी आणि बल्लारपूरची कागद गिरणी येथे राबणारा कंत्राटी कामगार, भामरागड-एटापल्लीकडे बदली होणारा शिक्षक, गोंडवाना विद्यापीठात शिकावयास आलेला आदिवासी विद्यार्थी, या कोणाचाही मुक्काम त्याच्या इच्छेवर ठरत नाही. कंत्राट संपते, बदलीचा हुकूम येतो, शिष्यवृत्ती रखडते आणि खोली सोडणे भाग पडते. नेमक्या त्याच वेळी अकरा महिन्यांच्या करारातील कलम पुढे केले जाते: मुदतीपूर्वी घर सोडल्यास अनामत जप्त!

‘करारावर सही केली होती ना?’ हा घरमालकांचा बिनतोड समजला जाणारा सवाल आहे. परंतु ज्याला उद्यापासून कामावर हजर व्हावयाचे आहे, त्याच्यापुढे छापील मसुदा ठेवून मिळविलेली सही म्हणजे स्वतंत्र संमती नव्हे. शिवाय कायदाही या सवालाच्या पाठीशी नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे ७४ वे कलम सांगते की, करारात दंडाची रक्कम लिहिलेली असली तरी तिच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळू शकते. सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली फतेहचंद खटल्यात आणि २०१५ साली कैलाशनाथ खटल्यात हेच तत्त्व स्पष्ट केले.

हिशेब साधा आहे. समजा, भाडे चार हजार आणि अनामत बारा हजार. पंधरा दिवसांत नवा भाडेकरू आला, तर मालकाचे नुकसान दोन हजारांचे. उरलेले दहा हजार ही भरपाई नव्हे. एकाच खोलीचे दोघांकडून उकळलेले भाडे आहे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ कोणाच्या बाजूने झुकतो तेही पाहावे. त्याच्या २४ व्या कलमान्वये मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या परवानाधारकाला दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते, आणि ताबा मिळविण्यासाठी मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याचा जलद मार्ग उपलब्ध आहे. अडकलेली अनामत परत मिळविण्यासाठी मात्र भाडेकरूने दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवावयाच्या! दहा हजारांसाठी रोजी बुडवून तारखा कोण करणार? या असहायतेवरच हा दंड पोसला जातो.

एका खोलीच्या भाड्यावर गुजराण करणाऱ्या वृद्धेचे काय, असे विचारले जाईल. तिचे खरे नुकसान भरून मिळालेच पाहिजे. त्यासाठी एक महिन्याची पूर्वसूचना किंवा तेवढे भाडे पुरेसे आहे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. काम सुटल्यास वा बदली झाल्यास एका महिन्याच्या सूचनेने करार संपावा. २०२१ च्या केंद्रीय आदर्श भाडेकरू कायद्यातील, निवासी जागेसाठी दोन महिन्यांच्या भाड्याची अनामत-मर्यादा राज्याने बंधनकारक करावी. अनामतीच्या तक्रारींचा निकाल तालुक्यातच, ठरावीक मुदतीत लागावा.

तोवर कार्यकर्त्यांनी ५५ वे कलम वस्त्यावस्त्यांत पोचवावे. करार लेखी करून त्याची नोंदणी करण्याची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले जाते. कामगाराची रोजी अस्थिर ठेवणारी व्यवस्था त्याच अस्थिरतेचा दंड त्याच्याकडूनच वसूल करते. संघटित भाडेकरूच तो नाकारू शकतील.