जिमखाना शुल्क घेता, तर हिशेबही दाखवा




महाविद्यालयीन प्रवेशाच्या पावतीवर मधेच कुठेतरी दोन-तीन ओळी असतात : जिमखाना शुल्क, क्रीडा निधी, विद्यापीठ क्रीडा शुल्क. शिकवणी शुल्काच्या मानाने रक्कम किरकोळ, म्हणून पालक तिकडे पाहत नाहीत. पण मैदानाकडे कधीही न फिरकणाऱ्या मुलालाही ती भरावी लागते, आणि मोठ्या महाविद्यालयात अशी मुले हजारोंनी असतात. या पैशाचे पुढे काय होते, एवढाच माझा प्रश्न आहे. आमच्या घरातला एक मुलगा ज्या महाविद्यालयात शिकतो तिथे मी तो तोंडी विचारला. ‘ती अंतर्गत बाब आहे,’ असे उत्तर मिळाले. महाविद्यालयाचे नाव लिहीत नाही, कारण दुसरीकडे वेगळे उत्तर मिळेल असे वाटत नाही.

आमचे सूस गाव २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेले. त्याआधी ग्रामपंचायत होती, आणि कायद्याने तिला वर्षाचा जमाखर्च ग्रामसभेपुढे ठेवावा लागे. ग्रामसभा गाजत, कधी कोरमअभावी तहकूब होत. पण दिवाबत्तीवर किती गेले हे विचारणाऱ्याला ‘अंतर्गत बाब’ म्हणायची सरपंचाची छाती नव्हती. महापालिकेतही, आम्ही तिच्यात जाण्याआधीच, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना कागदपत्रे पाहू देण्याची पद्धत सुरू झाली होती. पुढे २०१८ मध्ये राज्य शासनाने जिल्हा स्तरावरच्या कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना तीच पद्धत लावून दिली. गावाच्या गटाराचा हिशेब उघडा, आणि शिकल्या-सवरल्या लोकांनी चालवलेल्या जिमखान्याचा मात्र कपाटात!

यात कायद्याची अडचण आहे म्हणावे, तर तीही नाही. माहितीचा अधिकार अधिनियम २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणाने अंदाजपत्रक आणि खर्चाचा तपशील कोणी न मागता स्वतःहून जाहीर करायचा असतो. विद्यापीठ सार्वजनिक प्राधिकरण आहेच. अनुदानित महाविद्यालये मात्र अनेक वर्षे ‘आम्ही खासगी संस्था’ म्हणून हात वर करीत. चंडीगडच्या डीएव्ही महाविद्यालयांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१९ मध्ये सांगितले की, ज्या संस्थेला सरकारचा भरीव निधी मिळतो तिला हा कायदा लागू होतो. राहिली विनाअनुदानित महाविद्यालये. आमच्या मुळशी तालुक्याच्या टेकड्यांवर गेल्या पंचवीस वर्षांत उगवलेल्या शिक्षणसंस्था बहुतेक त्याच जातीच्या. त्यांना थेट अर्ज लागू पडेलच असे नाही. पण कलम २(च) प्रमाणे खासगी संस्थेची जी माहिती सार्वजनिक प्राधिकरणाला दुसऱ्या एखाद्या कायद्याने मागवता येते, ती त्या प्राधिकरणाकडून नागरिकालाही मिळू शकते. म्हणजे संलग्न महाविद्यालयाची जी माहिती विद्यापीठ मागवू शकते, तिच्यासाठी अर्ज विद्यापीठाकडे करता येतो. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आणि माहिती कशाला हवी याचे कारण सांगण्याचे बंधन नाही. ज्या पुण्यात १२ ऑक्टोबर २००५ रोजी देशातला पहिला माहिती अर्ज एका पोलीस ठाण्यात दाखल झाला, तिथे हे पुन्हा सांगावे लागू नये.

पण पैशापेक्षाही गंभीर गोष्ट निवडीची आहे. महाविद्यालयाचा, मग विद्यापीठाचा संघ निवडला जातो. त्यातून खेळाडूला प्रमाणपत्र मिळते. राज्यात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. त्यामुळे संघाच्या यादीतल्या एका नावाला नोकरीची किंमत आलेली आहे. ही किंमत बाजाराला लगेच कळली. ट्रॅम्पोलिनसारख्या, गावात कोणी पाहिलेल्याही नसलेल्या खेळांची बनावट प्रमाणपत्रे काढून लोक नोकरीला लागले आणि क्रीडा खात्यातल्या अधिकाऱ्यांपर्यंत पोलीस पोचले, हे वाचकांना आठवत असेल. प्रमाणपत्रांची पडताळणी करणाऱ्या यंत्रणेचे मुख्यालय, म्हणजे राज्याचे क्रीडा व युवक सेवा आयुक्तालय, आमच्या शेजारी म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलातच आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले ते भव्य संकुल आम्ही येता-जाता पाहतो.

आता साधा विचार करा. प्रत्येक स्पर्धेचा ड्रॉ, सहभागी संघ, खेळाडूंची नावे आणि निकाल त्याच संध्याकाळी जाहीर झाले, तर पाच वर्षांनी खोटे प्रमाणपत्र आणणारा पकडायला चौकशी समिती कशाला हवी? ज्याने ती स्पर्धा खरोखर खेळली तोच सांगेल की, हा मैदानावर नव्हता. निवड चाचणीचेही तेच. कोण कोण आले, निवड समितीत कोण होते, कोणत्या निकषावर किती गुण दिले, हा कागद फलकावर लागला की वशिल्याची कुजबुज निम्मी थांबेल. उरलेली निम्मी खरी असेल, आणि ती थांबूही नये.

यावर हमखास ऐकू येणारे उत्तर म्हणजे ‘खेळाडूंची वैयक्तिक माहिती आम्ही देऊ शकत नाही.’ २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलल्यापासून या उत्तराला धार आली आहे. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा खासगीपणावर अकारण घाला घालणारी माहितीच नाकारता येत असे. आता नुसती ‘वैयक्तिक’ असली तरी पुरते. मी या दुरुस्तीच्या विरोधात आहे. तरीही कलम ८(२) जागेवर आहे आणि जनहित मोठे असेल तर माहिती देता येते. कलम १० ही आहे. कागदावरचा फोन नंबर काळा करून उरलेला कागद देता येतो. आणि ट्रॅकसूटच्या बिलात वैयक्तिक ते काय असते?

गंमत अशी की, जे खरोखर झाकायचे ते आपल्याकडे उघडे असते. खेळाडूंच्या पात्रता अर्जांचे फोटो, आधार क्रमांक, जन्मदाखला, मुलींचे मोबाइल नंबरसुद्धा, संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सर्रास फिरतात. वैद्यकीय दाखलेही फिरतात. तिथे गोपनीयता कोणाला आठवत नाही. नॅक मूल्यांकनासाठी पदकांची प्रमाणपत्रे संकेतस्थळावर हौसेने चढवली जातात, तिथेही नाही. ती आठवते फक्त व्हाउचर मागितल्यावर.

हा रोग आपलाच नाही. अमेरिकेत १९७४ चा कायदा विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदी सुरक्षित राहाव्यात म्हणून झाला, आणि तिथले क्रीडा विभाग खेळाडूंशी केलेले करार व गैरवर्तनाच्या चौकशा झाकायला त्याचीच ढाल करतात. पेनसिल्व्हेनियातले पेन स्टेट विद्यापीठ राज्याच्या माहिती कायद्यातून बहुतांशी बाहेर ठेवले गेले होते. तिथल्या फुटबॉल विभागातल्या माजी प्रशिक्षकाने मुलांवर केलेले अत्याचार २०११ मध्ये उघड झाले, तेव्हा लोकांना त्या सवलतीचा अर्थ कळला. मात्र त्याच देशात १९९४ पासून कायदा आहे की, सरकारी अर्थसाहाय्याचे विद्यार्थी घेणाऱ्या महाविद्यालयाने मुला-मुलींच्या संघांवर किती खर्च केला याचा वार्षिक अहवाल जाहीर करावा. आपल्याकडे मुलींच्या कबड्डी संघाला प्रवासाला किती दिले आणि मुलांच्या क्रिकेटला किती, हे एका तक्त्यात कोणी मांडले तर बऱ्याच प्राचार्यांची झोप उडेल. दिल्लीने मात्र उलटी वाट धरली. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन विधेयकात आधी सर्व मान्यताप्राप्त क्रीडा संघटना माहिती अधिकाराखाली येणार होत्या. नंतर दुरुस्ती होऊन सरकारी पैसा किंवा मदत घेणाऱ्याच राहिल्या, आणि क्रिकेट मंडळाची सुटका झाली.

महाविद्यालयांच्या क्रीडा संचालकांवर माझा राग नाही. बहुतेक ठिकाणी तो एकटा माणूस असतो. मैदान आखणे, संघ घेऊन जाणे, मुलांना जेवू घालणे आणि वर बिले लावणे सगळे त्याच्याच अंगावर. टीए-डीए वेळेवर मंजूर होत नाही म्हणून खिशातून खर्च करणारे शिक्षक पुष्कळ आहेत. हिशेब उघडा असेल तर पैसे कुठे अडतात हेही उघड होईल, आणि ते त्याच्या टेबलावर अडत नाहीत हे त्याला सिद्ध करायची गरज उरणार नाही. म्हणून हा आग्रह त्याच्या विरुद्ध नाही, संस्थाचालकांकडे आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ ने प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती ठेवली आहे, अंदाजपत्रक तिच्यापुढे येते. त्यातले जिमखान्याचे पान फलकावर लावायला ठराव एका बैठकीत होऊ शकतो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाने आपल्या संलग्न महाविद्यालयांना एका परिपत्रकाने सांगावे : जमा झालेले जिमखाना शुल्क, खेळनिहाय आणि मुला-मुलींचा वेगळा खर्च, साहित्य खरेदीचे पुरवठादार व दर, निवड समितीची नावे आणि गुणतक्ते दर वर्षी संकेतस्थळावर टाका, आधार, फोन आणि वैद्यकीय कागद मात्र ग्रुपवरून काढा. शासनाने सोमवारची ३ ते ५ ची वेळ महाविद्यालयांच्या जिमखान्यालाही लावावी. आणि परिपत्रकाची वाट न पाहता, ज्यांच्या घरातून यंदा शुल्क भरले गेले त्या पालकांनी पावती जपून ठेवून विद्यापीठाच्या माहिती अधिकाऱ्याकडे एक अर्ज जरूर करावा. उत्तर देण्याची मुदत ३० दिवसांची आहे.

— एक वाचक,
सूस (ता. मुळशी, जि. पुणे)