गृहनिर्मित विमानाचे दिवे

गळिताच्या हंगामांत शिरूरहून न्हावऱ्यामार्गें दौंडाकडे जो कोणी रात्रीं गेला असेल, त्यास आमचें म्हणणें पटेल कीं, रस्त्यावर खरी भीति वेगानें पळणाऱ्या वाहनाची नसून दिव्यावांचून उभ्या असलेल्या वाहनाची असते. उसाच्या ट्रॉलीपुढें ट्रॅक्टरचे दोन झगझगीत दिवे असतात. मागें मात्र काळोख. आपल्यास रस्ता दिसला म्हणजे दिव्यांचें काम झालें, अशी हांकणाराची समजूत असते. त्या समजुतीची किंमत मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्यास द्यावी लागते, आणि ती दिलेलीं घरें या दोन्ही तालुक्यांत आहेत.

आम्हीं आज हातीं घेतलेला विषय या रस्त्यापासून फार दूरचा वाटेल. परंतु तो या ट्रॉलीच्याच जातीचा आहे. स्वतःच्या हातांनीं लहान विमान बांधणारानें त्यास बाहेरून कोणते दिवे लावावे? महाराष्ट्रांत हा प्रश्न आतां निव्वळ कल्पनेंतला राहिलेला नाहीं. कॅप्टन अमोल यादव या वैमानिकांनीं मुंबईंत कांदिवलीस इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचें विमान बांधिलें. फेब्रुवारी 2016 मध्यें तें वांद्रे-कुर्ला संकुलांतील प्रदर्शनांत लोकांनीं पाहिलें, आणि नोव्हेंबर 2017 मध्यें सरकारदरबारीं त्याची नोंदणी झाली. गच्चीवर विमान होऊं शकतें हें ऐकून आमच्या विद्यार्थिमित्रांनीं वह्यांच्या पाठीवर आराखडे काढावयास आरंभ केला, तर त्यांत नवल तें काय? त्या आराखड्यांत एक गोष्ट मात्र हटकून आढळते: नाकावर भला मोठा दिवा, आणि शेपटीस कांहींच नाहीं.

विमानाच्या दिव्यांची रीति जहाजांवरून आलेली आहे. डाव्या पंखाच्या टोकास तांबडा, उजव्यास हिरवा व शेपटीस पांढरा. तांबडा व हिरवा प्रत्येकीं 110 अंशांच्या कोनांत दिसावा, आणि उरलेल्या 140 अंशांत शेपटीचा पांढरा. वर्तुळ पुरें झालें. कोणत्याही बाजूनें पाहणारास एक तरी दिवा दिसणारच. या मांडणींत मोठी युक्ति आहे. आपल्या उजव्या अंगानें एखादें विमान आडवें येत असेल, तर त्याची डावी बाजू, म्हणजे तांबडा दिवा, आपल्यास दिसतो. आणि अशा वेळीं वाट देण्याचें कर्तव्य आपलेंच असतें. तांबड्याचा अर्थ दौंड जंक्शनच्या सिग्नलांखालीं वाढलेल्या मुलास शिकवावा लागत नाहीं. आकाशांत थांबतां मात्र येत नाहीं. वळून मागून जावें लागतें. तांबडा व हिरवा दोन्ही एकदम दिसूं लागले, तर समोरून कोणी थेट आपल्याच अंगावर येत आहे असें समजावें.

"पण आमचें विमान दिवसाच उडणार, मग दिवे हवेत कशाला?" असा आक्षेप येतो. आम्हांस तो मान्य नाहीं. ज्या विमानाशीं टक्कर व्हावयाची असते, तें दृष्टीपुढें इकडेतिकडे सरकत नाहीं. एकाच जागीं ठिपक्यासारखें राहतें, आणि शेवटच्या कांहीं क्षणांत एकाएकीं मोठें होतें. डोळा हालचाल टिपतो, स्थिर ठिपका टिपीत नाहीं. उन्हाळ्याच्या धुरकट आकाशांत पांढरें विमान तर अधिकच हरवतें. म्हणून मिनिटास 40 ते 100 वेळां लुकलुकणारा टक्करप्रतिबंधक दिवा हवा. आंतरराष्ट्रीय नियमहि असाच आहे कीं, हा दिवा विमानास बसविलेला असेल तर तो दिवसाहि लावावा. बारामतीस वैमानिकांचें शिक्षण चालतें. नवशिक्यांच्या या शेजारांत घरीं बांधलेल्या विमानास तो अधिकच अगत्याचा होय. आमचें स्पष्ट मत असें कीं, पैसे एकाच दिव्यापुरते असतील तर पहिला हाच घ्यावा, आणि नाकावरचा मोठा दिवा मागाहून.

विजेचाहि हिशेब आहे. लहान विमानांत पुष्कळ ठिकाणीं रोटॅक्स 912 हें एंजिन असतें, व त्याचें जनित्र सुमारें 250 वॅट वीज देतें. 100 वॅटचा जुन्या धर्तीचा हॅलोजन दिवा त्यांतील दोन-पंचमांश एकटाच खातो; मग रेडिओ व इतर उपकरणें यांनीं काय करावें? एलईडी दिव्यांनीं ही अडचण बरीच दूर केली आहे. मात्र त्यांतील कांहींच्या विद्युत्-मंडलांमुळें रेडिओंत खरखर येते, आणि तारा होकायंत्राजवळून नेल्यास कांटा ढळतो. या दोन्ही गोष्टी पत्रे कायमचे ठोकण्यापूर्वींच तपासाव्या.

ट्रॅक्टरच्या दुकानांत मिळणारे स्वस्त रंगीत दिवे लावण्याचा मोह आमच्याकडे होईलच. (आम्हांसहि झाला असता.) परंतु त्यांचा रंग व कोन विमानासाठीं ठरविलेला नसतो. पुढें सांडणारा हिरवा प्रकाश मध्यरेषेपलीकडे डावीकडे फार पसरला, तर तो पाहणारास खोटें सांगेल. आणि खोटें सांगणाऱ्या दिव्यापेक्षां अंधार बरा, असें म्हणण्याची पाळी येईल. लुकलुकणारे पांढरे दिवेहि वैमानिकाच्या डोळ्यांत शिरणार नाहींत अशा जागीं हवेत. ढगांत किंवा धुक्यांत त्यांची झगमग परत फिरून दिपवूं लागली, तर ते बंद करण्याची मुभा वैमानिकास असते. म्हणून त्यांची कळ निराळी ठेवावी.

हें सर्व झाल्यावर सायंकाळीं विमान मोकळ्या मैदानांत न्यावें. आंत कळांपाशीं दुसऱ्या कोणास बसवावें, आणि बांधणारानें दोनशें पावलें दूर जाऊन त्याच्या सभोंवार एक फेरी मारावी. कोठें तांबडा मावळतो, कोठें पांढरा उगवतो, हें चालतां चालतां वहींत लिहून ठेवावें. शेपटीच्या बाजूस आल्यावर जरा अधिक वेळ उभें राहावें.