निसर्गनोंदी : ओढ्यातील बाडस

आपल्या समाजातील पुष्कळ घरांत मासा शिजत नाही, हे ठाऊक असूनही या खेपेस माशाविषयीच लिहावयाचे योजिले आहे. हा मासा ताटातला नव्हे. सातपुड्यातून तापीच्या खोऱ्यात उतरणाऱ्या नद्या-ओढ्यांत त्याचा वास आहे. मात्र तो तेथे विपुल कधीच नसतो. एखाद्या डोहात दोन, एखाद्यात चार, आणि पुढचा अर्धा कोस पाणी रिकामे, असा त्याचा हिशेब.

विलायतेत डोंगरी झऱ्यांतून ट्राऊट मासा गळाने धरण्याचा मोठा षोक आहे. साहेबलोकांनी 1900 च्या सुमारास तो काश्मीरच्या थंड पाण्यात आणून सोडला, तसाच निलगिरीतही नेला. आपल्या उन्हाळ्यात तो तगणे शक्य नाही. येथे ती जागा महसीराची. मद्रास इलाख्यातील अधिकारी एच. एस. टॉमस यांनी 1873 साली ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ लिहिला आणि झुंजीत महसीर हा त्यांच्या सामनपेक्षा सरस, असा निर्वाळा दिला. नर्मदेकाठी त्यास बाडस म्हणतात. त्याचाच दख्खनी भाऊबंद कर्नल सायक्स यांना पुण्याजवळ मुळा-मुठेत मिळाला, तेव्हा 1839 साली त्यांनी शास्त्रीय नाव ठेवले ते मराठी नावावरूनच, ‘खुद्री’ असे. मध्यप्रदेश शासनाने 2011 साली बाडसाला राज्यमत्स्याचा मान दिला. बाडसाचे खवले भल्या मोठ्या आकाराचे; डोक्यापासून शेपटीपर्यंतच्या रांगेत जेमतेम पंचवीसच मावतात. जबड्यात दात नाहीत, पण घशात आहेत, आणि त्यांनी तो शिंपले-गोगलगायी फोडून खातो.

लहान ओढ्यात गळ टाकणे हे तापीच्या पात्रात गळ टाकून विडी ओढीत बसण्यासारखे काम नव्हे. पाणी नितळ आणि उथळ असते. माशाला माणूस आधी दिसतो. मासा प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, म्हणून जाणत्याने खालच्या अंगाने वर चढत जावे, म्हणजे आपण त्याच्या पाठीमागे राहतो. सावली पाण्यावर पडू देऊ नये. काठावरचा दगड हलला तरी त्याचा धक्का पाण्यात पोहोचतो आणि पुढचा तासभर त्या डोहात काही घडत नाही. आमिष डोहाच्या तोंडाशी, जेथे पाणी खळाळून आत शिरते तेथे सोडावे आणि प्रवाहाबरोबर वाहू द्यावे. सकाळभर दोन मैल चालून एकही मासा न लागणे हे येथे अपयश समजत नाहीत. एखादा लागलाच तर ओल्या हाताने धरून, गळ काढून, पुन्हा पाण्यात सोडून द्यावा. यात दयेपेक्षा हिशेबच अधिक आहे.

तो हिशेब असा. रोहूची मादी वजनाच्या दर किलोमागे लाखावर अंडी घालते. महसीराची काही हजारच. तीही एकदम नव्हे, तर पावसाळ्यात आणि त्यानंतरही, हप्त्याहप्त्याने. अंडी मोठी आणि जड, वाळू-गोट्यांच्या तळाशी बसणारी. वरून स्वच्छ, खेळते पाणी वाहत राहिले तरच ती जगतात. गाळ बसला की गुदमरतात. आपल्या प्रदेशात 16 जून ते 15 ऑगस्ट मासेमारी बंद असते. हा काळ रोहू-कटल्यांना पुरेसा. बाडसाचे विणणे त्यानंतरही चालूच असते. आणि खरी कसोटी तर वैशाखातली. ओढा तुटून डोह सुटे होतात आणि मैलभराच्या पाण्यातील सारी विणीची मासळी दोन-तीन डोहांत कोंडली जाते. तेथे कोणी विष कालविले किंवा सुरुंग उडविला, तर एका दुपारीत त्या ओढ्याचे सारे बियाणे संपते. दोन्ही गोष्टी 1897 च्या कायद्याने गुन्हाच आहेत. पण त्या ओसाड डोहावर शिपाई कोठून असणार?

“मग हॅचरीतील पिल्ले आणून सोडावीत, म्हणजे झाले!” असे सुशिक्षित मंडळी हटकून सुचवितात. येथे मात्र सावध राहिले पाहिजे. लोणावळ्यास टाटांच्या वळवण तलावाकाठी डॉ. चं. वि. कुलकर्णी आणि एस. एन. ओगले यांनी खुद्री महसीराची कृत्रिम पैदास यशस्वी केली, हे काम थोरच. परंतु तेथील बीज 1970 नंतरच्या दशकात कावेरीतही सोडण्यात आले. खुद्री तेथे भरभराटीस आला आणि कावेरीचा मूळचा, पाठीला कुबड असलेला प्रचंड महसीर मागे हटत गेला. हे बीज सोडणे त्याचे एक प्रमुख कारण असावे, असे अभ्यासकांचे मत आहे. त्या कुबड्या महसीराची शास्त्रीय ओळख 2018 साली पटली, आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत गेला. नाव मिळते न मिळते तोच ही पाळी!

बडवाह येथे वनविभागाने नर्मदेच्याच बाडसाची पैदास करण्याचा प्रयत्न चालविला, तो या दृष्टीने योग्य वाटेवरचा. तापीच्या ओढ्यांसाठी बीज लागलेच, तर ते तापीच्याच खोऱ्यातील माशांचे असावे. तोवर होळीपासून मृगापर्यंत सुट्या डोहांत कोणीही गळ वा जाळे टाकू नये, एवढे गावागावांनी आपसांत ठरविले तरी चालेल. त्यास ना पैसा लागतो, ना शासनाचा हुकूम.