मोटार एक, चालविणारे चार

दसऱ्याच्या दिवशीं घरोघर मोटारीला हळदकुंकू लागतें, झेंडूची माळ चढते आणि ती माळ पुष्कळदां बाजूच्या आरशालाच अडकविलेली असते. वर्षांतून एक दिवस हें चालेल. परंतु उरलेल्या दिवसांतहि कित्येक घरांत त्या आरशाकडे खुंटीपेक्षां फारशा निराळ्या दृष्टीनें पाहिलें जात नाहीं, हें खेदानें म्हणावें लागतें.

मोटारींत मागचें दाखविणारा आरसा हवा, हें फार लवकर ओळखणाऱ्यांत एक बाई होती, ही गोष्ट आमच्या वाचकभगिनींना ठाऊक असावी. इंग्लंडांतील डॉरोथी लेव्हिट हिनें १९०९ सालीं मोटार हांकणाऱ्या स्त्रियांकरितां एक पुस्तक लिहिलें. एक लहान हातआरसा गाडींत जवळ ठेवावा आणि अधूनमधून तो उंच धरून मागचें पाहावें, असा सल्ला तिनें त्यांत दिला आहे. पुढें १९११ मध्यें अमेरिकेंत इंडियानापोलिस येथील पहिल्या पांचशें मैलांच्या शर्यतींत रे हॅरून यानें आपल्या गाडीवर असा आरसा बसविला, आणि शर्यत त्यानेंच जिंकली.

आतां आपल्या रस्त्याकडे वळूं. जळगांवहून धुळ्यास जाणारा महामार्ग (पूर्वींचा क्रमांक ६, आतांचा ५३) पाळधी, एरंडोल, पारोळा असा जातो. तो दुपदरी होता तोंवर धोका मुख्यतः समोरून येई. तरसोद ते फागणे चौपदरीकरण हातीं घेतल्यापासून समोरची वाहतूक दुभाजकापलीकडे जाऊं लागली आणि धोका बगलेंत येऊन उभा राहिला. आपल्या बरोबरीनें, किंचित् मागें राहून चाललेली मोटारसायकल मधल्या आरशांतून निसटलेली असते, बाजूच्या आरशांत आलेली नसते आणि नजरेच्या कोपऱ्यांतहि नसते. या जागेस मोटारवाले ब्लाइंड स्पॉट म्हणतात. आपण आंधळा कोपरा म्हणूं. केळ्यांनीं भरलेला ट्रक ओलांडून पुन्हां डावीकडे येतांना त्या कोपऱ्यांत कोणी आहे कीं नाहीं, हा प्रश्न एखाद्याच्या जिवाचा असतो. ट्रकवाल्याचा आंधळा कोपरा तर आपल्याहून कितीतरी मोठा, विशेषतः डाव्या अंगाला. त्याच्या आरशांत आपणांस त्याचा चेहरा दिसत नसेल, तर त्यालाहि आपण दिसत नाहीं, असें समजून चालावें.

हा कोपरा एवढा मोठा राहतो याचें कारण साधें आहे. बहुतेकांच्या आरशांत त्यांच्याच मोटारीची कड चांगली चार बोटें दिसत असते. आपली गाडी आपल्याबरोबर येत आहे कीं नाहीं, हें आरशांत पाहून ठरविण्याचें वस्तुतः कांहीं प्रयोजन नाहीं! मधला आरसा जें दाखवितो तेंच मग बाजूचे दोघे पुन्हां दाखवीत बसतात.

जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकन अभियंत्यानें १९९५ सालीं एका निबंधांत यावर सोपी रीत सांगितली. तिकडे चालक डावीकडे बसतो. आपल्याकरितां ती उलटावयास हवी. प्रथम बैठक व मधला आरसा नीट करून घ्यावा. मग डोकें उजव्या कांचेला टेकेल इतकें न्यावें आणि उजवा आरसा बाहेर वळवीत गाडीची कड जेमतेम दिसेल असा ठेवावा. नंतर डोकें गाडीच्या मध्यावर आणून डावा आरसा तसाच लावावा. सरळ बसलें कीं आपली गाडी दोन्ही आरशांतून नाहींशी होते, आणि पहिले दोन दिवस चुकल्याचुकल्यासारखें वाटतें. आरसा फार वळवावा लागत नाहीं. तो एक अंश फिरला कीं दृष्टि दोन अंश फिरते, हा शाळेंत शिकलेला नियम येथें कामास येतो.

पडताळा घरच्या अंगणांतच पाहावा. यंत्र बंद ठेवून एखाद्या मुलाला मागून, गाडीपासून चार-पांच हात अंतरानें, पुढें चालत जावयास सांगावें. मधल्या आरशांतून तो सुटण्यापूर्वींच बाजूच्या आरशांत दिसला, आणि तेथून सुटण्यापूर्वीं नजरेच्या टप्प्यांत आला, म्हणजे आरसे लागले. तथापि वळतांना मान किंचित् फिरवून पाहणें सोडूं नये. शिवाय डावा आरसा बहुधा फुगीर असतो. त्यांत वाहन लहान व दूर भासतें. अंतराचा अंदाज मधल्या सपाट आरशावरूनच करावा.

परंतु एकत्र कुटुंबांतली खरी अडचण भूमितीची नसून अदबीची असते. मोटार एक आणि चालविणारे चार. सकाळीं मामंजी कोर्टांत जातात, दुपारीं भावोजी दुकानीं, संध्याकाळीं सूनबाई मुलांना शिकवणीहून आणते. मामंजी उंच, सून ठेंगणी. त्यांनीं लावलेला आरसा हलवूं कसा, या संकोचानें ती तशीच निघते आणि तिला त्यांत आभाळ व झाडांचे शेंडे दिसतात. वडिलांचा मान राखण्याचे शंभर मार्ग आहेत. आरशाचा कोन हा त्यांपैकीं नव्हे. मला वाटतें, मामंजींनींच किल्ली देतांना “आरसे लावून घे हो” एवढें म्हटलें तर तिचा संकोच पार जाईल.

अखाजीच्या दिवसांत आणखी एक भर पडते. माहेरवाशिणीबरोबर पापड-कुरडयांचे डबे मागच्या कांचेपर्यंत रचले जातात आणि मधला आरसा कामांतूनच जातो. डबे खालीं ठेवावे. जागाच नसेल तर सारी भिस्त बाजूच्या आरशांवर आहे, हें ओळखून सावकाश जावें. गल्लींतून काढतांना मिटलेले आरसे मोठ्या रस्त्यास लागण्यापूर्वीं उघडले आहेत ना, हेंहि पाहावें.

गाडी थांबली तरी आरशाचें काम उरतेंच. जळगांवच्या फुले मार्केटपाशीं किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर एकदम दार उघडलें तर मागून येणारा सायकलवाला त्यावर आदळावयाचा. सायकलींचा देश म्हणून प्रसिद्ध असलेल्या नेदर्लंड्समध्यें दाराजवळच्या हातानें न उघडतां दूरच्या हातानें दार उघडण्याची रीत आहे. उजवीकडे बसलेल्यानें डाव्या हातानें, डावीकडे बसलेल्यानें उजव्या हातानें. खांदा आपोआप वळतो आणि नजर मागें जाते. मुलें हें एका दिवसांत शिकतात, आणि मग घरांतल्या मोठ्या माणसांना दारापाशीं अडवून हात बदलावयास लावतात.