हरलेला दौरा हरूनच खेळा!

दिवाळी जवळ आली की वडीलधाऱ्या मंडळींचे एक गाऱ्हाणे ठरलेले असते. पोरे आता पूर्वीसारखे किल्ले करीत नाहीत, माती कालवीत नाहीत, हळीव पेरीत नाहीत. सुट्टी लागली की व्हिडिओ गेम घेऊन बसतात आणि जेवायला हाक मारली तर 'ही ओव्हर संपू दे' म्हणतात. हे गाऱ्हाणे आम्ही जालन्यात ऐकतो, तसेच ते पुण्या-मुंबईतही ऐकू येत असणार. परंतु वाचकहो, या तक्रारीत आमचा सूर मिसळायला आम्ही तयार नाही. पोरे खेळतात याबद्दल आमचे भांडण नाही. ती जिंकतात याबद्दल आहे!

चमकू नका. आमचे म्हणणे नीट ऐकून घ्या.

गेल्या दिवाळीत आमचा भाचा परतूरहून आमच्याकडे सुट्टीला आला होता. वय वर्षे चौदा. या पोराने १९११ सालचा हिंदी क्रिकेट संघाचा इंग्लंडचा दौरा जसाच्या तसा आपल्या यंत्रात उभा केला होता. अशी सोय आता या खेळांतून असते. 'क्रिकेट ०७' नावाचा खेळ २००६ साली निघाला. त्यात फेरफार करून नवेजुने संघ घालण्याचा उद्योग हौशी मंडळी वर्षानुवर्षे करीत आली आहेत. पुढे २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या बिग अँट स्टुडिओज या कंपनीने 'डॉन ब्रॅडमन क्रिकेट १४' काढला. त्यात तर खेळाडू आणि संघ आपल्या मनाप्रमाणे घडवण्याची व्यवस्थाच होती. भाच्याने एकेका खेळाडूचे नाव घातले, त्याला मिशा लावल्या, फलंदाजीचे इतके गुण, गोलंदाजीचे इतके, दमाचे इतके असे आकडे भरले आणि पाच-पाच षटकांचे सामने लावून दोन दिवसांत दौरा उरकला. तेवीसपैकी एकोणीस सामने जिंकले!

आम्ही म्हटले, "अरे, तो दौरा आपण सपाटून हरलो होतो."

त्यावर तो म्हणाला, "मामा, हरायचंच असेल तर खेळायचं कशाला?"

हा प्रश्न एकट्या पोराचा असता तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. पण आज तो सगळ्यांचाच प्रश्न झाला आहे. हरलेले काही आठवायचे नाही, आणि आठवलेच तर जिंकलो होतो असे आठवायचे, ही खोड यंत्राने लावलेली नाही. यंत्राने तिला फक्त कळ पुरवली आहे.

आता तो दौरा काय होता ते थोडक्यात सांगतो. त्याआधी पारशी मंडळींचे संघ १८८६ आणि १८८८ साली विलायतेला जाऊन आले होते. परंतु पारशी, हिंदू, मुसलमान आणि शीख असे एकत्र मिळून 'अखिल हिंदुस्थान' या नावाने गेलेला पहिला संघ १९११ चा. कप्तान पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग, वय एकोणीस. त्याच उन्हाळ्यात लंडनला पंचम जॉर्ज बादशहाचा राज्याभिषेक होता. महाराजांना मेजवान्यांतून सवड कुठली? ते थोडक्याच सामन्यांत मैदानावर दिसले, आणि त्यांच्या दिमतीला असलेला केकी मिस्त्रींसारखा उत्तम फलंदाजही त्यामुळे संघाला फारसा लाभला नाही. संघ एकूण तेवीस सामने खेळला. सहा जिंकले, पंधरा हरले, दोन अनिर्णित राहिले.

या पंधरा पराभवांच्या ढिगाऱ्यात एक माणूस उभा होता. बाळू पालवणकर, डावखुरा फिरकी गोलंदाज, वय पस्तीस. त्यांनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांतले पंच्याहत्तर प्रथम दर्जाच्या सामन्यांतले. लेस्टरशायर हरले त्या सामन्यात एकट्या बाळूंचे अकरा बळी होते. टाँटनला सॉमरसेटवर एका गड्याने विजय मिळाला तेव्हा त्यांचे धाकटे बंधू शिवराम शतक काढून नाबाद राहिले होते. संघ हरत होता आणि हे दोघे भाऊ खेळत होते. त्या दौऱ्याची खरी कथा एवढीच आहे, आणि ती हरण्याखेरीज सांगताच येत नाही. संघ जिंकत गेला असता तर पस्तिशीतला एक माणूस दिवसच्या दिवस एका बाजूने चेंडू टाकीत का राहिला, हे कुणाला समजणार? पाच षटकांच्या सामन्यात बाळूंचा हात दुखत नाही. दुखलाच तर पोराचा अंगठा दुखतो.

पण आमचा मुख्य मुद्दा याच्याही पुढे आहे. भाच्याने कप्तान बदलला होता. महाराजांना काढून त्याने बाळूंना कप्तान केले. का, म्हणून विचारले तर म्हणाला, "तोच सगळ्यांत भारी होता ना!"

पोराच्या या उत्तराने आम्हाला आनंद झाला आणि पाठोपाठ धास्तीही वाटली. आनंद यासाठी, की गुणी माणसाला पुढे करावे एवढा साधा न्याय त्याला क्षणात सुचला. धास्ती यासाठी, की हे काम एका कळीने होते असे त्याला वाटले.

ते कळीने झाले नव्हते. बाळू चर्मकार समाजात जन्मले. पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात ते खेळपट्टी लोटायला आणि जाळीत साहेब लोकांना चेंडू टाकायला होते. पगार महिना चार रुपये. ग्रेगसारख्या नामांकित फलंदाजाला त्यांनी तासन् तास चेंडू टाकले; स्वतः बॅट हाती धरायची संधी मात्र साहेबांनी दिली नाही. पुढे गोऱ्यांना हरवायचे म्हणून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले. म्हणजे त्यांनी घेतलेले बळी घेतले. माणूस घेतला नाही. चहाच्या वेळी बाकीचे आत चिनीमातीच्या कपांतून चहा पीत, आणि बाळूंना तो पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात मिळे. ज्या चेंडूला बाळूंचा हात लागला तो चेंडू झेलायला कुणाला विटाळ होत नव्हता. कपाला मात्र होत होता! असला हा हिशेब.

अशा माणसाला कप्तान कोण करणार? हिंदूंच्या संघातला सर्वांत गुणी गोलंदाज म्हणून वर्षानुवर्षे नाव गाजूनही ते पद त्यांच्या वाट्याला आले नाही. १९२० साली त्यांचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी, कप्तान निवडताना जात आडवी येते म्हणून, उघड निषेध करून खेळण्यास नकार दिला. तेव्हा कुठे बाळूंना उपकप्तानपद मिळाले. त्यानंतर १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कप्तान झाले, आणि त्या वर्षी हिंदूंनी स्पर्धा जिंकली. एका भावाला जे नाकारले ते दुसऱ्या भावाला मिळेपर्यंत एवढा काळ जावा लागला. आता ती कळ दाबणाऱ्या पोराला यातले काही ठाऊक नसेल, तर त्याने बाळूंना न्याय दिला असे आम्ही म्हणणार नाही. त्याने १९२० सालचे बंड पुसून टाकले, एवढेच म्हणू. अन्याय झालाच नव्हता असे दाखवणे हीही अन्यायाचीच एक रीत आहे.

यावर काही मंडळी म्हणतील, "अहो, खेळ तो खेळ. पोरांच्या करमणुकीत जातपात कशाला आणता?" त्यांना आमचा उलट प्रश्न आहे. जातपात आम्ही आणली? ती पॅव्हेलियनच्या दारात उभीच होती. तुम्ही १९११ हे साल निवडलेत, त्या वेळच्या टोप्या आणि मिशा हौसेने लावल्यात, आणि मातीचे भांडे तेवढे वगळलेत. टोपी इतिहास आहे आणि भांडे राजकारण आहे, हे कुठले शास्त्र?

दुसरा पक्ष अधिक व्यवहारी आहे. तो म्हणतो, हरलेला दौरा घ्यावा कशाला? १९७१ घ्या. अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजमध्ये जिंकला. सुनील गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा केल्या, दिलीप सरदेसाईंनी ६४२. त्याच साली ऑगस्टमध्ये ओव्हलवर चंद्रशेखरने अडतीस धावांत सहा बळी घेऊन इंग्लंडला १०१ धावांत गुंडाळले आणि आपण चार गड्यांनी जिंकलो. याहून गोड दौरा कोणता?

गोड खराच. पण तो गोड का लागला याचा विचार करा. १९३२ पासून आपले कसोटी संघ इंग्लंडला जात होते आणि १९७१ पर्यंत तिथे एकही कसोटी जिंकलेले नव्हते. १९५२ साली लीड्सला दुसऱ्या डावात धावफलकावर शून्य धावा आणि चार बळी असे दृश्य दिसले होते. त्याच वर्षी लॉर्ड्सवर विनू मांकडांनी ७२ आणि १८४ धावा केल्या, एका डावात पाच बळीही घेतले. आणि तो सामना आपण आठ गड्यांनी हरलो! ज्याला या हरण्याची चव ठाऊक नाही त्याला ओव्हलच्या विजयाची गोडी कशी कळणार? कारल्याची भाजी न खाता वाढलेल्या पोराला पुरणपोळीही नुसती पोटभरीची वाटते. आणि जिंकण्यातच सगळे मोल असेल तर मांकडांची ती कसोटी पुसून टाका पाहू. हात होतो का?

आता पुन्हा किल्ल्याकडे येऊ. अंगणातला मातीचा किल्ला हाही एक खेळच आहे, आणि तोही इतिहासाची नक्कलच आहे. पोरे रायगडाच्या पायथ्याशी प्लॅस्टिकची मोटार उभी करतात. आपण हसतो, रागावत नाही. पण सिंहगड करणाऱ्या पोराने तानाजी सुखरूप खाली उतरवला तर घरातली आजी लगेच म्हणेल, "बाळा, तसं नव्हतं झालं रे!" आणि १६७० साली काय झाले ते तिथेच ओट्यावर बसून सांगेल. मातीच्या किल्ल्याला आजी होती म्हणून तो किल्ला होता, नाहीतर तो नुसता ढिगारा. व्हिडिओ गेमला अशी आजी नाही. पोराने महाराजांना काढून बाळूंना कप्तान केले तेव्हा 'तसं नव्हतं झालं रे' असे म्हणणारे कुणी त्याच्या शेजारी नसते. शेजारी कुणी असतेच तर ते एवढेच म्हणते, "पुरे आता, डोळे जातील!"

तेव्हा तक्रार करणाऱ्या मंडळींना आम्ही विचारतो: तुम्ही पोराला बाळू पालवणकरांचे नाव कधी सांगितलेत? विठ्ठल पालवणकरांचे 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र मराठीत १९४८ सालीच निघाले. ते तुमच्या कपाटात आहे काय? पोराने ते नाव यंत्रात का होईना घातले. तुम्ही तर तोंडातही घातले नाहीत!

आणि हा प्रश्न मुंबईच्या पोरापेक्षा आमच्या जालन्याच्या पोराला अधिक लागू आहे. पॅव्हेलियन आमच्यापासून नेहमीच लांब राहिले. बाळू विलायतेत चेंडू टाकत होते तेव्हा जालना निजामाच्या राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यातले एक तालुक्याचे ठिकाण होते. स्वतंत्र जिल्हा व्हायला १९८१ साल उजाडले. त्या दौऱ्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, २०११ साली, याच जालन्याच्या विजय झोलने एकोणीस वर्षांखालच्या कूचबिहार करंडक स्पर्धेत आसामविरुद्ध एका डावात नाबाद ४५१ धावा केल्या, आणि २०१४ च्या एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकात तो भारताचा कप्तान होता. या गावचा मुलगा कप्तान होऊ शकतो. म्हणूनच कप्तानपद एके काळी कुणाला का मिळाले नाही, हे या गावच्या मुलाला ठाऊक हवे.

आमची मागणी मोठी नाही. दौरा उभा करायचा तर पहिल्यांदा तो झाला तसा खेळा. महाराज कप्तान ठेवा आणि त्यांना मेजवानीला पाठवा. मिस्त्रींना बाहेर बसवा. आकडे फुगवू नका. सामने लांब ठेवा, खेळाची पातळी अवघड ठेवा, आणि पंधरा वेळा हरा. हरताना बाळूंच्या नावापुढे बळींचा आकडा कसा चढत जातो ते पाहा. मग दुसऱ्यांदा खेळताना एकच गोष्ट बदला, बाळूंना कप्तान करा. आपण काय बदलले आणि ते तेव्हा का बदलले गेले नाही, हे वहीत चार ओळींत लिहून ठेवा. त्यानंतर खुशाल तेवीसच्या तेवीस जिंका. आम्ही स्वतः चकलीचे ताट घेऊन टाळ्या वाजवायला येऊ.

आणि वडीलधाऱ्यांनो, भाऊबीजेच्या दुपारी फराळ झाल्यावर लवंडण्याआधी अर्धा तास त्या पोराशेजारी बसा. खेळता येत नसेल तर येऊ नये. सांगता तर येते ना? तो कप्तान निवडायला कळीवर बोट ठेवील तेव्हा त्याचे बोट क्षणभर धरा, आणि त्या मातीच्या भांड्याची गोष्ट सांगून मगच सोडा.